माझ्या नंबरची दुसरी गाडी

मी नंबरप्लेट बोलतेय. एका जुन्या मोटारसायकलची मागची पाटी. दिसणं एवढंच माझं काम, बोलायची वेळ कधी आली नव्हती. पण गेल्या हिवाळ्यात मला माझ्याच आकड्यांची भीती वाटायला लागली. ती भीती अजून पुरती गेलेली नाही, म्हणून सांगते.

नारायणगावच्या स्टँडमागे चिमाजी पेंटरची टपरी होती. तिथे मी पत्र्याच्या तुकड्याची पाटी झाले. पांढरा रंग वाळल्यावर चिमाजीने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "वाघ काढू का कोपऱ्यात? का नाव टाकू?"

"काय नको. लांबून वाचता आलं पायजे, बास."

"अरं राव, बायकोचं तरी नाव टाक!"

"तिचं नाव कशाला? ती मागं बसनारच हाय."

हा माणूस म्हणजे खोडदचा भगवंत. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याची बायको इंद्रायणी खरोखरच मागे बसायची, अगदी माझ्या वर. तिच्या साडीचा काठ वाऱ्याने माझ्यावर आपटायचा.

मागची पाटी असल्यामुळे पुढे काय येतंय ते मला कधी कळलं नाही. मला दिसायचं ते मागे पडत गेलेलं. उसाचे फड, टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. एकदा ट्रॉलीचा धक्का लागून माझा डावा कोपरा दुमडला आणि एक स्क्रू पडला. भगवंतने खिशातून मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार काढली, दोन वेढे दिले आणि म्हणाला, "उद्या स्क्रू बसवतो." तो स्क्रू त्याने कधीच बसवला नाही.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. भगवंत अंगणात मोटार उघडून बसला होता. बसल्या जागी त्याने छातीवर हात ठेवला. त्याचा चुलतभाऊ संपत नारायणगावला प्रवासी भरून वडाप जीप चालवतो. त्याने जीप आणली, पुढे ॲम्ब्युलन्स केली आणि त्याला पुण्याला नेलं. मी अंगणातच राहिले. त्या एका वाटेवर मी त्याच्याबरोबर गेले नाही. तो तिकडूनच गेला.

गाडी शेडमध्ये ढकलली गेली. तोंड भिंतीकडे, पाठ उसाकडे. म्हणजे उसाकडे मीच. इंद्रायणी रोज सकाळी फडक्याने गाडी पुसायची, पण किल्ली लावायची नाही. भगवंतचा फोन मात्र तिने चालू ठेवला होता. कुणाची मोटार जळाली की त्यावर फोन यायचा, आणि ती हळू आवाजात सांगायची, "ते नाहीत आता."

मग ऊसतोड सुरू झाली. फड मोकळे झाले की बिबट्यांना लपायला जागा राहत नाही. संपतच्या गोठ्यातून एक शेळी गेली. वनखात्याचा कुशाबा आला आणि आमच्या शेवग्याला, शेडच्या समोर, एक कॅमेरा बांधून गेला. समोर काहीही हललं की तो आपोआप फोटो काढायचा. एका संध्याकाळी बिबट्या आला. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्याचा श्वास पत्र्यावर वाफेसारखा बसला. मला वाटलं, याहून मोठी भीती आता आयुष्यात येणार नाही.

ती फोनमधून आली.

दुपारची वेळ होती. भगवंतची आई, बयाबाई, अंगणात बाजरी पाखडत होती. इंद्रायणीने भगवंतचा फोन हातात घेतला आणि आलेला मेसेज पुन्हा पुन्हा वाचला.

"कुनाचा हाय ग?" बयाबाईने विचारलं.

"पोलिसांचा मेसेज. म्हणतात, काल दुपारी गाडी पुण्यात नो पार्किंगमध्ये उभी होती. दंड लावलाय."

"कुनाची गाडी?"

"आपली, आत्या."

दोघींनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. मी होते तिथेच होते. माझ्यावर उसाचं पाचट पडलं होतं. पण त्या नजरेने क्षणभर माझीच खात्री पटेना.

मेसेजखालची लिंक उघडल्यावर फोटो दिसला. तसलीच काळी गाडी, आणि तिच्यावर माझे आकडे. एमएच चौदापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळे माझे. फोटोच्या कडेला कुणाची तरी अर्धी बाही आली होती.

"मोठं कर," बयाबाई म्हणाली. "ह्यो हात कुनाचा?"

"असंल कुणाचा तरी."

"भगवंता बी अशीच लावायचा. हँडल वळवून."

इंद्रायणीने फोन मांडीवर पालथा ठेवला. सुपातली बाजरी तशीच राहिली.

संध्याकाळी संपत आला. सगळं ऐकून हसला. "वहिनी, भरून टाका अन् मोकळ्या व्हा. माझ्या जीपला एवढी चलनं आल्यात का पोलीस आता घरच्यासारखं इचारपूस करत्यात."

"तुमची जीप तिथं असती, भाऊजी. ही गाडी इथनं हललेली नाय."

"आवो, पन त्या मशीनला कोन सांगनार?"

"मी सांगते. भरलं म्हंजे कबूल केलं, का ही तिथं व्हती. नंबर चोरलाय कुणीतरी. उद्या त्यानं कुणाला उडवलं, कुणाच्या गळ्यातली साखळी ओढली, तर पोलीस कुणाचं नाव घेऊन दारात येतील? आत्यांनी ते ऐकायचं का?"

संपतने चलनाचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. मी आतून गार पडले. हे माझ्या मनात आलंच नव्हतं. माझे आकडे घेऊन ती दुसरी गाडी कुठेही फिरत होती, आणि ती जे करील ते भगवंतच्या नावावर चढणार होतं. आणि तो येऊन नाही म्हणू शकत नव्हता.

इंद्रायणी बारावी झालेली. तिने फोनवरच तक्रारीचं पान उघडलं. गाडीचा पुढून, मागून, बाजूने फोटो आणि आरसी बुक जोडायला सांगितलं होतं. गाडी इतक्या महिन्यांनी उन्हात आली. बयाबाई म्हणाली, "अशी भुंडी गाडी सायबाला दावायची व्हय?" तिने पाण्याने गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, दारातला झेंडू तोडून हार केला आणि मागे घातला. हार नेमका माझ्यावर आला. निम्मे आकडे फुलांखाली गेले. इंद्रायणीच्या ते लक्षात आलं. हार काढायला तिने हात पुढे केला. बयाबाई पदराने डोळे पुसत होती. इंद्रायणीने हात मागे घेतला आणि तसाच फोटो काढला.

उत्तर आलं ते तक्रार फेटाळल्याचं. फोटोत क्रमांक स्पष्ट दिसत नाही. शिवाय त्या दिवशी गाडी कुठे होती, याचा पुरावा नाही.

"बघा, मी म्हनलं नव्हतं?" संपत म्हणाला. "आजचा फोटो काढून त्या दिवसाचं कसं सांगनार?"

इंद्रायणी उंबऱ्यावर बसून राहिली. कोंबड्या तिच्या पायांशी दाणे टिपत होत्या. तिची नजर त्यांच्या मागोमाग शेवग्याच्या झाडापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

कुशाबा कॅमेऱ्याचं कार्ड बदलायला आला, तेव्हा ती त्याची वाटच बघत होती.

"दादा, ह्यात दिवसाचे बी फोटो येतात का?"

"येत्यात म्हंजे? ताई, बिबट्याची निस्ती शेपटी घावली, अन् तुमच्या कोंबड्यांचं आल्बम झालं. सायब मला म्हनतो, कुशाबा, तू वनखात्यात हायेस का कुक्कुटपालनात?"

"फोटोवर तारीख असती?"

"तारीख, टायम, समदं असतंय."

तो साहेबांना विचारून फोटो घेऊन आला. त्या दिवशीची ती दुपार. पुढे तुऱ्याची कोंबडी, तिच्यामागे दाणे टाकणारी इंद्रायणी, आणि तिच्याही मागे शेडमध्ये मी, दुमडलेल्या कोपऱ्यासकट. तक्रार पुन्हा गेली, या वेळी हाराशिवाय. मग फोन आला, गाडी घेऊन पोलीस ठाण्यात या, सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर तपासायचा आहे.

संपतचा चेहरा उतरला. "वहिनी, ठान्यात गेलेली गाडी गवतात सडती. त्यात मालक वारलेला. ठेवूनच घेतील. अजून बी भरून टाका."

"चालू करा," इंद्रायणी म्हणाली.

बऱ्याच किका मारल्यावर गाडी खोकत सुरू झाली. संपत पुढे, ती मागे. तिच्या जागेवर. मला दारात उभी बयाबाई दिसत होती. ती लहान लहान होत गेली. मागे पडलेलं पाहण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे शेवटचं बघते आहे.

ठाण्याच्या आवारात धरून ठेवलेल्या गाड्यांची रांग होती. टायर बसलेले, सीट फाटलेली, पाट्यांवर मातीचा थर. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. चष्मा लावलेला एक हवालदार बाहेर आला, वाकून चासी नंबर पाहिला, मग माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याने तांब्याच्या तारेला बोट लावलं.

"हे काय आहे?"

"मोटारीची तार. आमच्या ह्यांनी बांधलीय."

त्याने चलनाचा फोटो जवळ धरला. "ह्या फोटोतल्या पाटीला दोन्ही स्क्रू आहेत. कोपरा पण सरळ आहे." मग वनखात्याचा फोटो बघून त्याच्या मिश्या हलल्या. "नोकरीत पहिल्यांदाच कोंबडी साक्षीला आली." आणि लगेच, "मालक कुठंयत?"

"वारले."

संपतने मान खाली घातली. मी त्या रांगेत माझी जागा मोजत होते.

हवालदार उठला. आरसी बुक चाळत म्हणाला, "मग गाडी नावावर का नाही करून घेतली, ताई?"

"झालं नाही माझ्याच्यानं."

"करून घ्या. बनावट पाटीची तक्रार लिहून द्या, मी अहवाल पाठवतो. आणि सरकारी हाय-सिक्युरिटी नवी पाटी बसवा, तिची नक्कल सहज होत नाही. जा घेऊन गाडी."

काही दिवसांनी भगवंतच्या फोनवर मेसेज आला. दंड रद्द. इंद्रायणीने तो बयाबाईला वाचून दाखवला. बयाबाई म्हणाली, "म्हंजे तो तिथं नव्हता." इंद्रायणी म्हणाली, "नव्हते."

नंतर तिने आरसीवरचं नाव बदलून घेतलं. आता कागदावर इंद्रायणी आहे, आणि तिच्या नावापुढे भगवंत. नवी पाटी बसवायच्या दिवशी माझी तार गाडीपासून सोडवली गेली, पण माझ्या कोपऱ्याला तशीच लटकत राहिली. बसवणारा म्हणाला, जुनी पाटी कापून टाकावी लागते. "द्या, मी कापते," म्हणून तिने मला घरी आणलं.

बयाबाईने मला मांडीवर घेतलं. "राहू दे ग. भिताडाला लावू. त्याच्या हातची तार हाय."

"आत्या, अशीच ठेवली अन् कुणी उचलून नेली तर? परत कुणीतरी त्यांच्या नावानं फिरंल."

म्हातारीने माझ्या दुमडल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग मला सुनेच्या हातात दिलं. "काप."

इंद्रायणीने भगवंतच्या पेटीतली पत्र्याची कात्री आणली. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी भीती मी त्या फोटोत पाहिली होती. आकड्यांच्या मधोमध कात्री चालली.

माझा एक तुकडा आज भगवंतच्या तसबिरीखाली खिळ्याला आहे, तारेसकट. मी म्हणजे दुसरा तुकडा. खुराड्याच्या फुटक्या फळीवर मला ठोकलंय, आत कोंबड्या आहेत. बिबट्या अजून येतो, हुंगतो, जातो. ती दुसरी गाडी सापडलेली नाही. ती कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या घराला घोर लावत उभी असेल, या विचाराने अजून माझा पत्रा गार पडतो.

एकच विनवणी आहे. तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावाने असा मेसेज आला, तर घाईघाईने भरून मोकळे होऊ नका. आधी फोटो मोठा करून बघा. आपली गाडी तेव्हा कुठे होती, कुणी पाहिली होती, ते शोधा. आणि हार घालायचाच असेल, तर फोटो काढून झाल्यावर घाला.

संपतने मोकळ्या रानात इंद्रायणीला गाडी शिकवली. आता बाजाराला ती स्वतः जाते. मी खुराड्यावर असल्यामुळे मला प्रथमच गाडी समोरून येताना दिसते. वळणावर काळी टाकी चमकली की मी घाबरते, आणि चालवणारी तीच आहे ना, एवढं नीट बघून घेते.