पाणीबाबाचा तांब्या

बेहाला वस्तीतल्या पाणीबाबाच्या अंगणात काय ती गर्दी! आजारी, म्हातारे, चक्कर आलेले, सगळे रांगेत. बाबाचे नियम कडक: पहाटेपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि रांगेत बसायचं नाही. उपास म्हटला की आमच्या शकुनताईला भारी हुरूप! तिने श्यामसुंदर भाऊजींनाही निर्जळी करायला लावली.

उन्हात तीन तास उभं राहून भाऊजींचा उजवा हात लुळा पडला. बाबा गरजला, "भिऊ नका! गंगामाई हातात उतरतेय!" त्याने त्यांना आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले आणि जरा सावरल्यावर मीठ घातलेलं तांब्याभर पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत हात वर! जयजयकार झाला, ताई ढसाढसा रडली. लागोपाठ तीन रविवार हाच खेळ.

"बघितलंस ना अलका? आता ऑपरेशन रद्द," ताई म्हणाली. भाऊजींच्या मेंदूला रक्त नेणारी डावीकडची वाहिनी बंद पडली होती. डोक्याच्या कातडीतली धमनी आतल्या धमनीला जोडायची, असं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं.

मी पडले विज्ञानाची शिक्षिका. माझं डोकंच सटकलं.

"महिनाभरात घरी कधी हात लुळा पडला?"

"नाही गं. तिथेच पडतो."

"मग ऊठ, डॉक्टरांकडे चल!"

सगळं ऐकून डॉक्टर बागचींनी पडद्यावर स्कॅन दाखवला. मेंदूत रक्त कुठे किती पोचतं, त्याचं रंगीत चित्र. उजवी बाजू लालपिवळी, डावी निळी.

"उजवा हात चालवणाऱ्या या निळ्या भागात रक्त कसंबसं पोचतं," डॉक्टर म्हणाले. "तहानलेल्या माणसाला उन्हात उभं केलं की रक्तदाब उतरतो, हात जातो. आडवं करून पाणी दिलं की येतो."

"म्हणजे बाबाच पाडतो आणि बाबाच उठवतो?" मी विचारलं.

"हो. पण एखाद्या रविवारी हात परत येणार नाही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई, मीच त्यांना उभं केलं होतं!"

गुरुवारी ऑपरेशन झालं. नंतरच्या स्कॅनमध्ये डावी बाजू लालभडक. रक्त आता जरा जास्तच जोरात धावत होतं, म्हणून डॉक्टरांनी रक्तदाब काटेकोर खाली ठेवला. "आता मिठाचं पाणी अजिबात नको," ते म्हणाले. ताईने गुपचूप पर्समधून बाबाची बाटली काढली आणि बेसिनमध्ये रिकामी केली.

आठवड्याने भाऊजींनी उजव्या हाताने चहाचा कप उचलला. ताई पुन्हा रडली.

मंडळी, चमत्कार दिसला की टाळ्या जरूर वाजवा. पण त्याआधी एवढंच विचारा: बरं करण्यापूर्वी याने मला काय करायला लावलं होतं?