गोदाबाईची शेवटची गाठ

कौतिकला जाहिरात कधी लिहून द्यावी लागलीच नाही. रिक्षाला भोंगा बांधला, हातात माइक आला, की पुढचं तोंडाला आपोआप सुचायचं. साडीचा सेल असो नाहीतर दाताचा डॉक्टर, बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या बाया गॅस बारीक करून दारात यायच्या. पन्नाशी आली, पण टवाळकी काही गेली नव्हती.

यावेळी मात्र ललितनं त्याला मजकूर मोबाइलवर धाडला. ललित म्हणजे लहानपणापासूनचा जिगरी. त्यानं केळीच्या व्यापाऱ्यांसाठी ‘केळमित्र’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. कोणाच्या बागेतून किती घड निघाले, कोणत्या गाडीत चढले, सगळं त्यात.

“चॅटबॉटकडून लिहून घेतलं बे,” ललित फोनवर म्हणाला. “पण एकदम तुझ्या ढंगात. तू मला पाठवलेले सगळे किस्से त्याला खाऊ घातले.”

“म्हणजे मशीन बी माझी चेली झाली का, लल्या!”

कौतिक असा फुगला, की लोधीपुऱ्यापासून बुधवाऱ्यापर्यंत रिक्षावाल्या सुपडूला तेच ऐकवत आला. आधी वाचून बघ म्हणावं, तर त्यात त्याला कमीपणा वाटायचा. चौकात रिक्षा थांबली आणि त्यानं मोबाइलमध्ये बघून सुरू केलं.

“ऐका हो ऐका! लोधीपुऱ्याची गोदाबाई, कोणी काम सांगितलं की पदराला गाठ मारायची!”

आपल्याच तोंडून आईचं नाव ऐकून त्याला जरा चमकल्यासारखं झालं. पण लोक हसायला लागले होते, आणि लोक हसले की कौतिकची जीभ थांबत नसे.

“काम झालं, गाठ सुटली! पण गोदाबाई गेली, तेव्हा पदराला एक गाठ तशीच राहिली! कशाची, ते कोणालाच ठाऊक नाही! तुमचं असं होऊ देऊ नका! विसरभोळी गोदाबाई बनू नका! आजच केळमित्र घ्या!”

चौक खदाखदा हसला. पानवाल्यानं तर टाळीच वाजवली. कौतिकनं माइक बंद केला.

आई गेली त्या रात्री ती गाठ त्याच्या हातून सुटेना. सोडवायची का ठेवायची, तेही कळेना. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. एकट्या ललितला रडत रडत मोबाइलवर बोलून पाठवलं होतं.

रिक्षा सरळ ललितच्या दुकानासमोर उभी राहिली.

“ते मशीननं उचललं ना रे?” कौतिकनं विचारलं. त्याला ‘हो’ ऐकायचं होतं.

ललितनं काउंटर पुसायला घेतलं. “आधी किस्से टाकले, पण मजकूर फिका आला. मग म्हटलं, काहीतरी काळजाला लागणारं पाहिजे. तुझा तो मेसेज टाकला. कसम से यार, टाकताना मला बी रडू आलं.”

“रडू आलं, तरी टाकलं?”

“आता धंदा आहे, कौतिक. आणि लोक हसले की नाही?”

कौतिक रिक्षात बसला. माइक चालू केला. भोंग्याचं तोंड दुकानाकडेच होतं.

“ऐका हो ऐका! आज ललितशेठची एक खास गोष्ट!”

ललितच्या डोक्यावरचे केस विकतचे आहेत, हे अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकट्या कौतिकला माहीत होतं. ललितचा हात झटकन डोक्यावर गेला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. सुपडू तर आधीच दात काढून तयार. असा मोका कौतिकनं जन्मात सोडला नव्हता.

तो ललितकडे बघत राहिला. भोंग्यातून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

“गोदाबाई विसरभोळी नव्हती,” शेवटी तो म्हणाला. “तिनं सगळं ध्यानात ठेवलं.”

लोक हसायची वाट बघत होते. पुढं काहीच आलं नाही.

“बस? इतकंच, दादा?” सुपडूनं विचारलं.

“भोंगा सोड,” कौतिक म्हणाला. “आणि घरी चल.”

ललित दारातच उभा होता. हात अजून डोक्यावरच.