मेजर हंबीरला बोलावणं

मुरुमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरची नोकरी करता करता शांतलिंगआप्पांनी मेजर हंबीरच्या एक्केचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हंबीर बर्फात गाडला गेला, नदीत बुडाला, शत्रूच्या कैदेत सहा महिने कुजला. पुढच्या पुस्तकात गडी पुन्हा बूट बांधून तयार. प्रत्येक पुस्तकामागं आप्पांचा पत्ता छापलेला असायचा. तोच पत्ता विचारत माकणीची हरणाबाई एका दुपारी त्यांच्या दारात आली.

"आप्पा, माझा मल्हार उठंना झालाय," ती पायरीवरच बसली.

मल्हार पाच वर्षं सैन्यभरतीसाठी धावला होता. शेवटच्या भरतीत चार सेकंदांनी कमी पडला आणि वयही उलटलं. तेव्हापासून तीन महिने तो भिंतीकडं तोंड करून पडून होता.

"माझं ऐकंना, बापाचं ऐकंना. तुमचं ऐकंल. तुमचा मेजर म्हंजी त्याचा देव हाय."

हे ऐकून आप्पांना आतून बरं वाटलं, आणि त्याची लगेच लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी ते माकणीला गेले. काय बोलायचं ते बसमध्येच ठरवलं होतं: हंबीरसुद्धा हरतो, पण उठतो.

"मेजरचं लिवणारं आप्पा आलंत," हरणाबाई म्हणाली, तसा मल्हार चटकन उठून बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. हरणाबाईनं तोंडाला पदर लावला.

"आप्पा, तुमी कुठल्या रेजिमेंटला व्हता?"

कुठलंही एक नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण समोरच्या पोराशी खोटं बोलायला आप्पांची जीभ रेटेना.

"मी फौजेत नव्हतो, बाळा. भरतीला गेलो होतो. छाती कमी भरली, काढून टाकलं. मग एसटीत लागलो."

"मग ते बर्फाचं, कैदेचं?"

"सगळं मनानं. बर्फ तर मी डोळ्यानं बघितलासुद्धा न्हाय."

आप्पांना वाटलं, यानं पोराला धीर येईल. ते घाईघाईनं म्हणाले, "पण बघ, माझं काय अडलं का? नोकरी झाली, संसार झाला..."

"किती वर्षं झाली त्या भरतीला?"

"चाळीसएक."

"आन् चाळीस वर्षं तुमी त्याचंच लिवत बसला." मल्हारचा आवाज अगदी शांत होता. "म्हंजी हे जात न्हाय कधी."

मल्हार पुन्हा आडवा झाला आणि त्यानं पाठ फिरवली. हरणाबाईनं केलेला चहा आप्पांनी अंगणात उभ्यानंच घेतला.

त्या दिवसापासून बेचाळिसावी कादंबरी पुढं सरकेना. हंबीरला जखमेतून उठवायला बसलं, की आप्पांचा हात थांबायचा.

दिवाळीनंतर हरणाबाईचा फोन आला.

"आप्पा, तसाच हाय. ताट म्होरं ठिवलं तर दोन घास खातो."

"बोलतो का?"

"न्हाय. पर त्या दिशी तुमाला बघून उठून बसला व्हता की. पुन्ना एकडाव येता का?"

"येतो," आप्पा म्हणाले.

मुरुमहून माकणी तासा-दीड तासाची वाट. आप्पा गेले नाहीत. नंतर तिचा फोन वाजला, तरी ते उचलेनासे झाले.