कणगीतली पोकळी

नव्या दारूभट्टीत किती मका खपला याचा अंदाज बांधायचं काम रोझेलाकडे होतं. गावातल्या जुन्या भट्टीत तिने वीस वर्षं काढली होती. एका बुशेलला, म्हणजे पंचवीसेक किलो धान्याला, पाच गॅलन दारू, हा आकडा तिच्या हाडीमाशी खिळला होता. मालक ट्रॅव्हिसने तांब्याची चकचकीत भांडी आणली, पाहुण्यांना बसायला ऐसपैस ओसरी बांधली, पण धान्याचा वजनकाटा मात्र 'वसंतात बघू' म्हणून लांबणीवर टाकला. केंटकीत भट्टी काढणाऱ्या हौशी लोकांची ही खोडच आहे: आधी दाखवायचं, मग मोजायचं. तोवर रोझेला उलटा हिशेब करी. निघालेली दारू पाचाने भागायची, की पत्र्याच्या उंच कणगीतून किती मका गेला ते कळलं.

पण नव्या भांड्यात मका नीट शिजत नव्हता. चोथ्याला कच्च्या पिठाचा वास यायचा. तो तिच्या नाकाला कळला होता. सोमवारी बघू म्हणून तिने सोडून दिलं.

शुक्रवारी सकाळी कणगीतून मका उतरेना. ओल लागून वरचा थर घट्ट धरला होता, आणि खालून जेवढा मका काढला तेवढी त्याच्याखाली पोकळी झाली होती. धान्याचं काम बघणारा क्लेटस हॅगन खांद्यावर दोर टाकून, लांब दांडा घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"रोझेला, थराखाली पोकळी किती असेल?"

तिने हिशेबाचा कागद पाहिला. "गुडघाभर. फार तर."

"नक्की ना?"

"इतक्या वर्षांत माझा अंदाज कधी चुकलाय का?"

"नवरा निवडताना चुकला होता की!" क्लेटस हसला. "बरं, गुडघाभरच आहे तर हे लोढणं कशाला?" त्याने दोर तिच्या खुर्चीवर टाकला आणि गेला.

थर त्याच्या पायाखाली फुटला. पोकळी छातीच्याही वर होती, आणि कडेचा ओला मका धाडकन त्याच्यावर कोसळला. अग्निशमनवाल्यांनी कणगीचा पत्रा कापला, तेव्हा अंगणभर मका पसरला आणि शेवटी क्लेटसचं प्रेत निघालं. मका कच्चा राहत असल्याने बुशेलमागे पाच नव्हे, जेमतेम अडीच गॅलन दारू निघत होती. दुप्पट मका गेला होता.

"चौकशीला लोक येतील," ट्रॅव्हिस म्हणाला. "दोर बांधला नव्हता, एवढंच सांग. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये क्लेटसच्या बायकोने, इमोजीनने, तिचा हात धरला. "पोरी, माझा माणूस चाळीस वर्षं दोराशिवाय कणगीत उतरला नाही. मग त्या दिवशीच काय झालं गं?"

पलीकडून ट्रॅव्हिस बघत होता. रोझेलाने सगळं सांगितलं. पाचाचा आकडा, पिठाचा वास, गुडघाभर.

"वास आला होता तुला?"

"हो."

"आणि तरी तू त्याला नक्की म्हणालीस."

"म्हणाले."

इमोजीनने हात सोडवून घेतला. "हे जसंच्या तसं चौकशीवाल्यांना सांग. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

रोझेलाने चौकशीत सगळं सांगितलं, जसंच्या तसं. तिचं घर हॅगनांच्या घरापलीकडे तिसरं, रस्ता त्यांच्या दारावरूनच. तेव्हापासून ती मागच्या शेतातून, चिखल तुडवत घरी जाते.