गोळीआधीच्या नऊ खुणा

मी एक जुना कागद आहे. जुना म्हणजे फार नव्हे, दोन वर्षांचा. पण आमच्यातले बहुतेक जण खोकं उघडलं त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात जातात, तेव्हा मी आमच्यातला म्हातारबुवाच म्हणायचा. मित्रांनो, औषधाच्या खोक्यात गोळ्यांच्या पाकिटाला चिकटून बसलेला, सात घड्या घातलेला, मुंग्यांएवढ्या अक्षरांचा एक पातळ कागद असतो ना? तो मी. मला माहितीपत्रक म्हणतात. म्हणणारेही थोडेच. बाकीचे "हे काय मध्येच" म्हणतात आणि मला उपसून काढतात.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. तिथे कागदाचं भलंमोठं रीळ फिरत होतं. छापून, कापून, घड्या घालून आम्ही भराभर बाहेर पडत होतो. घडीच्या यंत्रावर उभा असलेला कामगार मधूनच एखाद्याला उचलून उजेडात धरायचा, शाई फाकली आहे का ते पाहायचा आणि परत ठेवायचा. "कोण वाचतं रे हे?" त्याने एकदा शेजाऱ्याला विचारलं. "वकील," शेजारी म्हणाला. दोघे हसले. मला काही वाटलं नाही. कागदाला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे वाटलं ते पुढे वाटलं, आणि तेही थोडंच.

माझ्या पुढच्या बाजूला दोन ओळी आहेत: हे औषध मनाच्या अति चिंतेवर, धास्तीवर दिलं जातं. मग ते कसं घ्यावं याच्या पाच ओळी. मागची बाजू मात्र गच्च भरलेली आहे. गोळी घेतल्यावर काय काय होऊ शकतं याची यादी आहे तिथे, एकाखाली एक अशा चौदा गोष्टी. त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. पण एक गोष्ट माझ्यात कुठेच छापलेली नाही, आणि ती मला पुढे कळली.

औषधांच्या दुकानात मी चार महिने फळीवर पडून होतो. मग एके दिवशी संध्याकाळी एक बाई आली. वय चाळिशीचं, पायात जाड बूट, कानावर पेन्सिल. तिने चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने खोकं काढलं आणि म्हणाला, "पहिले आठ दिवस अर्धी. सकाळी, नाश्त्यानंतर. डॉक्टरांनी सांगितलंच असेल."

"हो," ती म्हणाली. इतक्या सपाट आवाजात, की दुकानदाराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

ही बाई लिफ्ट तपासायचं काम करायची. इमारतीइमारतीत जाऊन दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे, वहीत नोंद करायची आणि ही लिफ्ट चालवायला ठीक आहे किंवा नाही ते लिहून द्यायचं. कंपनीत तिला सगळे पेन्सिलबाई म्हणायचे. तिचा एक नियम होता. कुठल्याही लिफ्टला हात लावण्याआधी ती जशी आहे तशी नोंद करायची: आवाज कुठे येतो, हादरा कुठे बसतो. तिच्याबरोबरचा मेकॅनिक कंटाळायचा. पण एकदा त्याने एका इमारतीत नवा ब्रेक बसवला आणि तिथला व्यवस्थापक तणतणत आला, की तुमच्या या नव्या ब्रेकमुळे खरखर सुरू झाली. पेन्सिलबाईने शांतपणे वही उघडून दाखवलं. खरखर आधीपासूनच होती. तेव्हापासून मेकॅनिकने कटकट केली नाही. ही गोष्ट ती घरी कौतुकाने सांगायची म्हणून मला माहीत.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील बस चालवायचे. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच त्यांनी नोकरी सोडली होती, गुडघे गेले म्हणून. जेवायला ते नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. गॅस बंद आहे ना, हे तीनतीनदा बघायचे. बाजारहाट लेकच करायची. ती कामावर पोचली की तिने फोन करायचा, नाहीतर ते करायचे. चाळिशीच्या लेकीला ते अजून चिमणे म्हणून हाक मारायचे.

तिने खोकं चमच्यांच्या खणात, मागच्या बाजूला सरकवलं. गोळ्यांचं पाकीट मात्र काढून कामाच्या पिशवीत ठेवलं. न जाणो, कामावर असताना हिंमत झाली तर! मी मागे राहिलो, रिकाम्या खोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उघडलं. पुढची बाजू पाहिलीही नाही. मागची यादी बोट ठेवून वाचली आणि पुन्हा घडी घातली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वाचत होतं, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मी फुशारलो होतो. यंत्रावरच्या त्या कामगाराला बोलावून दाखवावं असं वाटलं. आठवडाभरात माझ्या घड्या मऊ पडल्या. पंधरवड्यात एका कोपऱ्यात भोक पडलं. ती वाचायची आणि गोळी काही घ्यायची नाही. मग माझी फुशारकी उतरली.

तिला काय झालं होतं ते मला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. एकदा सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये तिच्या छातीत धडधड सुरू झाली आणि ती पिंजऱ्यात खालीच बसली. मेकॅनिकला वाटलं लिफ्ट बिघडली. लिफ्ट ठणठणीत होती. तेव्हापासून ती जिन्याने चढायची आणि वरूनखालून तपासायची. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर हे काम सोडावं लागेल. जी बाई लिफ्टमध्ये उभी राहू शकत नाही ती लिफ्ट काय तपासणार?

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती. पण तिला गोळीचीच भीती बसली. मेकॅनिकला ती फोनवर म्हणाली, "अरे, आता निदान धोका कळतो तरी मला. उद्या दोर झिजलेला दिसला आणि गोळीमुळे मला काहीच वाटलं नाही, तर? खाली माणसं असतात." मग म्हणाली, "तसं आत्ताही काही वाटत नाही म्हणा. कापूस भरलाय आत."

तेविसाव्या दिवशी तिने मला टेबलावर पसरलं आणि कानावरची पेन्सिल काढली. मला वाटलं, आता चुरगळणार. तिने तसं केलं नाही. यादीच्या डाव्या बाजूला ती एकेक खूण करत गेली. छातीत धडधड. हात थरथरणे. घाम. झोप न लागणे. भूक मंदावणे. पोट बिघडणे. डोकेदुखी. बेचैनी. लक्ष न लागणे. चौदांपैकी नऊ. सुरू करण्याआधीची नोंद होती ती, तिच्या नियमाप्रमाणे. पण इतक्या वर्षांत प्रथमच तिने नोंदीवर तारीख घातली नाही. मला खोक्यात कोंबलं आणि कामावर निघून गेली.

त्या दिवशी दुपारी बाबा झाकण उघडायचा चमचा शोधत होते. खोकं त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी चष्मा लावला. मला इतक्या धसमुसळेपणाने उघडलं की मधली एक घडी टरकन फाटली. मग ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले, लेक घरी येईपर्यंत.

"हे काय आहे?" तिने बूट काढायच्या आतच त्यांनी विचारलं.

"कागद आहे, बाबा."

"मला दिसतंय कागद आहे ते! चोरून गोळ्या घेतेस? आमच्या डेपोत एक होता असाच. भिंतीकडे बघत बसायचा दिवसभर. आणि हे बघ, हे बघ काय करून ठेवलंय त्या गोळ्यांनी तुझं! झोप नाही, भूक नाही, हात थरथरतात. नऊ! मी मोजल्यात. आजपासून बंद, चिमणे. एकही घ्यायची नाही."

"मी घेतलेलीच नाही."

"खोटं बोलू नकोस."

तिने पिशवीतून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी अंगठ्याने एकेक गोळी चाचपली. दहाच्या दहा होत्या.

"मग हे सगळं?" त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं.

"गोळीशिवायचं आहे."

"कधीपासून?"

"सव्वा वर्ष झालं."

बाबांनी मला टेबलावर ठेवलं आणि तळहाताने सपाट करू लागले, फाटलेली घडी जुळवू लागले. "मला वाटलं, गोळीने तुझी ही दशा केली," ते अखेर म्हणाले.

"अशी दशा होईल म्हणूनच घेत नव्हते मी," ती म्हणाली. आणि मग ती माझ्यावर वाकली. जणू दुसऱ्याच कुठल्या इमारतीची नोंद वाचावी तशी तिने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "बाबा, ही लिफ्ट असती ना, तर मी हिला आजच्या आज कुलूप लावलं असतं."

ती रडली वगैरे नाही. हात धुतले आणि जेवायला वाढून घेतलं. पण मला तेव्हा कळलं, माझ्यात काय छापलेलं नाही ते. गोळी घेतली तर काय होईल याचे चौदा मुद्दे माझ्या पाठीवर आहेत. नाही घेतली तर काय होत राहील, याची एकही ओळ नाही. तेवीस दिवस मी त्या बाईला अर्धीच गोष्ट वाचून दाखवत होतो. मला वाईट वाटलं. मघाशी म्हटलं ना, थोडं वाटलं म्हणून, ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर तिने सुरीने गोळी कापायला घेतली. टच्‌कन आवाज झाला आणि एक तुकडा उडून थेट कपाटाखाली. बाबा लगेच दोन्ही गुडघे टेकून जमिनीवर बसले आणि हात घालून शोधू लागले. ज्या गुडघ्यांपायी नोकरी गेली ते गुडघे काही कुरकुरले नाहीत. तिने ते पाहिलं. तुकड्याला धूळ लागली होती म्हणून तो टाकला आणि ताटलीतला दुसरा तिने पाण्याबरोबर गिळला.

मग बाबा वर्तमानपत्र उघडून समोर बसले. अर्धा तास पान उलटलं नाही.

"बाबा, असं टक लावून बघू नका. मी काही फुटणार नाहीये."

"मी कुठे बघतोय? मी वाचतोय," बाबा म्हणाले.

त्या दिवशी तिने माझ्या डाव्या बाजूला वर तारीख घातली आणि उजव्या बाजूला नवी नोंद सुरू केली. पहिल्या दहा दिवसांत तिथे दोन नव्या खुणा आल्या, मळमळ आणि तोंडाला कोरड. बेचैनी तर चार दिवस आधीपेक्षा वाढली. तिने डॉक्टरांना फोन केला. सुरुवातीला असं होऊ शकतं, तुम्ही कळवलंत ते बरं केलंत, घेत राहा आणि आठवड्याने येऊन भेटा, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मळमळ गेली. मग डावीकडच्या खुणांवर ती एकेक रेघ मारू लागली. आधी झोप. मग भूक. दोन महिन्यांनी नऊपैकी पाच गेल्या होत्या. सगळ्या गेल्या म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण खोटं छापायची मला सवय नाही. हात तिचा अजूनही कधीकधी थरथरतो.

साहेबांची मुदत उलटून गेली होती. डॉक्टरांचं पत्र नेऊन तिने आणखी दोन महिने मागून घेतले होते, आणि त्यातले चार दिवस उरले होते. आता मी तिच्या तपासणीच्या वहीतच असायचो. सात मजली इमारतीपाशी मेकॅनिक सवयीने जिन्याकडे वळला.

"इकडे ये," ती म्हणाली. "आज यातून."

दार बंद झालं. तिने वही छातीशी घट्ट धरली होती, त्यामुळे तिचे ठोके मला ऐकू येत होते. जोरात होते, पण ती उभी होती. सातव्या मजल्यापर्यंत उभीच होती. वर यंत्राच्या खोलीत तिने बॅटरी मारली, दोरावरून नजर फिरवली आणि थांबली. दोराच्या तीन तारा तुटल्या होत्या. "बंद कर लिफ्ट," ती म्हणाली. "पाटी लाव खाली. दोर बदलेपर्यंत कुणी चढायचं नाही." मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि मान हलवली. तिचं काम गेलं नाही.

पुढे मी पुन्हा चमच्यांच्या खणात आलो. माझी गरज उरली नाही. दर महिन्याला नवं खोकं यायचं, त्यातला नवाकोरा कागद डब्यात जायचा आणि मी पडून असायचो. बरेच महिने मला कुणी उघडलं नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग मागच्या आठवड्यात ती कामावर गेली असताना खण उघडला. बाबा होते. त्यांनी मला टेबलावर पसरलं, उठून दाराची कडी लावली, आणि खिशातलं निळं पेन काढलं. फार वेळ लागला त्यांना. एक खूण करायचे, उठून गॅस बघून यायचे, पुन्हा बसायचे. तिच्या खुणांशेजारी त्यांनी स्वतःच्या सात खुणा केल्या. आणि माझी घडी चुकीची घातली.

तीच घडी तिला दुसऱ्या दिवशी दिसली. तिने मला उघडलं, निळी शाई पाहिली आणि उभ्याउभ्या सातही खुणा वाचल्या. तारीख बाबांनीही घातली नव्हती. ती तिने घातली. मग एक फोन केला आणि दाराजवळच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची. मी येते बरोबर."

"कशाची?" बाबांनी वर न बघता विचारलं.

"गुडघ्यांची," ती म्हणाली.

बाबांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "गुडघ्यांची होय," ते म्हणाले. "मग जायलाच हवं."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला वाचा, जरूर वाचा, त्यासाठीच आम्हाला छापलंय. पण नुसतं मागचं पान वाचून खणात दडपून ठेवू नका. तुमच्या घरातही असा एखादा खण असेल. त्यातला कागद काढा, आज आपली काय अवस्था आहे ते तारीख घालून त्यावर लिहा, आणि डॉक्टरांना दाखवा, घरातल्या कुणाला तरी दाखवा. मी चुकीच्या हाती पडलो आणि फाटलो, म्हणून दोन माणसांचं बोलणं झालं. तुम्ही कागद फाटायची वाट बघू नका.