भिंगाचा दोष

आमच्या अल्बममधल्या फोटोंत आत्या आहे, हे आम्हाला ठाऊक आहे म्हणून आम्हाला ती दिसते. बाहेरच्या माणसाला डाव्या टोकाला एक पांढुरका पट्टा दिसेल. आत्या कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो, हे त्याला सांगता यायचं नाही.

दोष भिंगाचा, यावर घरात एकमत होतं. दादाने लहानपणी कॅमेरा कपाटावरून पाडला, तेव्हापासून फोटोची डावी बाजू धुरकट यायला लागली. मग डावीकडे कुणाला उभंच करायचं नाही, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. बाबांनी तिथे आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आत्याला, कायमचं उभं केलं. कारणही तयार होतं. टायमरचा खटका अडकायचा, तो नखाने दाबून अलगद सोडणं फक्त आत्याला साधायचं, आणि तिथून पळत येऊन उभं राहायला डावं टोक जवळ पडायचं. "तुझ्या हाताला बरं जमतं," बाबा म्हणायचे. आमच्याकडे हे वाक्य ज्याच्या वाट्याला येई, त्याच्या गळ्यात ते काम जन्मभर पडे.

आता आत्या घर सोडून निघाली होती. नोकरी संपली होती आणि दुसऱ्या गावी मैत्रिणीबरोबर राहायचं ठरलं होतं. तिची खोली दादाला कामासाठी हवी होती; काम कोणतं, ते खोली मिळाल्यावर ठरणार होतं. जाताना आत्याने एकच गोष्ट मागितली.

"सगळ्यांबरोबरचा एक फोटो द्या मला. ज्यात मी दिसते असा."

"आत्ता मोबाईलवर काढू की," मी म्हटलं.

दादाला ते झोंबलं. "बाबांचा कॅमेरा घरात असताना? मी दुरुस्त करतो तो."

दादाने आजवर दुरुस्त केलेल्या वस्तूंपैकी एकही आता घरात नाही. तरी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली गेली. पंखा बंद, खिडक्या बंद, शिंकायलाही बंदी. वहिनीने टॉर्च धरायचा आणि आईने कौतुक करायचं, अशी वाटणी झाली. पुढचं कडं फिरवून काढल्यावर आतली एक काच खाचेत तिरकी बसलेली सापडली, आणि दादा असा काही हरखला की कॅमेरा पाडणारा दुसराच कुणी असावा. त्याने काच पुसली आणि बसवली. ती उलटी बसली. पुन्हा काढली. या खटाटोपात एक बारीक स्क्रू पडला, तो आत्याने दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून टेबलाखालून शोधून दिला.

"बघ, तुझ्या डोळ्यांना बरं सापडतं," दादा म्हणाला. बाबा गेले, पण वाक्य वारसाहक्काने त्याला मिळालेलं होतं.

शेवटी भिंग नीट बसलं का ते बघायला कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून, फिल्म बसते तिथे त्याने बटर पेपर चिकटवला. त्यावर खिडकीबाहेरचं झाड उलटं उमटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. आत्या तर त्या कागदाकडे बघतच राहिली.

रविवारी सगळे नटूनथटून हॉलमध्ये जमलो. कॅमेरा स्टुलावर ठेवला. दादा मधोमध बसला, दुरुस्ती त्याची होती ना. "आत्या, टायमर!" तो ओरडला. आत्याने वाकून नखाने खटका सोडला, टायमर घुरघुरू लागला, आणि ती लंगडत आपल्या टोकाकडे धावली. उरलेल्या रोलवर दादाने स्वतःचे फोटो काढून घेतले.

फोटो धुऊन आले. पडद्याचा धागा न् धागा दिसत होता. कुंडीचा टवका दिसत होता. आणि पडदा आणि कुंडी यांच्या मधोमध पांढुरका पट्टा.

"भिंग अजून जरासं हललंय," दादा म्हणाला.

"असेल," म्हणून आत्या कपबशा कागदात गुंडाळायला गेली.

मी मात्र तो फोटो हातातून खाली ठेवू शकले नाही. शेजारची कुंडी स्वच्छ येते आणि माणूस पुसट येतो, असं भिंग जगात नसतं. भिंग बिघडलेलं होतं हे खरं, पण त्याने आत्याला कधीच पुसलं नव्हतं. ती धावत होती. प्रत्येक फोटोत ती पोचायच्या आत आम्ही हसून मोकळे झालो होतो. मला अशी चीड आली की फोटो भिरकावून द्यावासा वाटला.

नवा रोल मीच आणला. "आत्या मध्ये बसेल. टायमर दादा लावेल."

"मला तो खटका जमत नाही गं."

"तुझ्या हाताला बरं जमेल."

आईने माझ्याकडे डोळे वटारले, पण दादा उठला. बराच वेळ झटापट झाली आणि एकदाचा टायमर घुरघुरला. तो आवाज कानावर पडताच मधल्या खुर्चीतली आत्या उठायला लागली. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

"बस. तुला कुठे जायचं नाहीये."

ती बसली. दादा पोट सावरत धावला.

आत्या निघायच्या दिवशी फोटो हातात आला. मधोमध आत्या, चष्म्यासकट, सुरकुत्यांसकट, जरा बावरलेली, पण नखशिखांत स्वच्छ. तिचं मनगट माझ्या मुठीत. डाव्या टोकाला एक चांगला रुंद निळा पट्टा. दादाचा नवा शर्ट निळा होता.

दादाने फोटो उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"छे! भिंग परत बिघडलं."

आत्याने त्याच्या हातातून फोटो घेतला, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि चपला घातल्या.

"भिंगाला काही झालेलं नाही रे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जरा लवकर पळ."