मानाच्या मडक्याचं पान

एक होती सुंदरा आजी. तिचे दोन नातू, जितेश आणि सुनील, एकमेकांचे चुलत भाऊ. आणि त्या दोघांच्या ओढाताणीत सापडलेलं एक पान. ते पान मीच बोलतंय.

कागदाचं नव्हे हो. सगळ्यांनी मिळून लिहायचा तो ज्ञानकोश मोबाइलवर उघडतो ना, त्यातलं. मला घडवलं जितेशच्या बायकोनं, छायानं. दहिवलीच्या पुढच्या त्यांच्या गावातल्या पोपटीवर, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांवर, तिनं थोडंसं लिहिलं. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरतात, मडकं उपडं घालून वर पेंढा पेटवतात, आणि गावात पहिल्या मडक्याला मान असतो. एवढंच. पण गोंडस होतं मी.

जितेशनं वाचलं आणि एक ओळ वाढवली, 'पहिलं मडकं जितेशच्या शेतात लागतं.' संध्याकाळी सुनीलनं ती खोडून आपलं नाव घातलं. सकाळी पुन्हा जितेश, दुपारी पुन्हा सुनील. शेजाऱ्याचा बांध कोरतात ना, तसे ते मला कोरू लागले. आणि खऱ्या शेतात? अबोला. थंडी सरत आली तरी मडकं कुणी लावेना.

आजी दारात बसून म्हणायची, "अरं, शेंगा जून व्हायला लागल्या. माझं दोनच दात ऱ्हायलेत, तेवढं पडायच्या आत तरी लावा रं!"

"मानाचं ठरू दे, मग लावू," दोघांचं उत्तर एकच. तेवढ्यापुरते ते सख्खे भाऊ.

मग आले प्रचालक. आमच्या कोशाचे राखणदार ते. दिसत कधी नाहीत, नियम तेवढे सांगतात. त्यांनी माझ्या कपाळावर पाटी ठोकली, 'संदर्भ हवा.' जितेशनं लिहिलं, 'आमच्या आजीनं सांगितलंय.' सुनीलनं खाली लिहिलं, 'आजी माझीपण आहे.' प्रचालकांनी विचारलं, 'आजी कुठं छापून आली आहे का?'

जितेश हटला नाही. चौक गावच्या एका साप्ताहिकाच्या वार्ताहराला त्यानं ढाब्यावर जेवू घातलं. वार्ताहरानं माझ्यावरूनच मजकूर उतरवला, छापला, आणि तोच अंक जितेशनं संदर्भ म्हणून मला चिकटवला. पुढच्या आठवड्यात सुनीलनं त्याच माणसाला त्याच ढाब्यावर नेलं. तेव्हा माझ्यावर सुनीलचं नाव होतं, म्हणून तेच छापून आलं. बोलणारं मीच, आणि माझा साक्षीदारही मीच!

प्रचालकांना वास आला. दोन्ही अंक उडाले, दोन्ही नावं उडाली, मला कुलूप लागलं. जाताना ते लिहून गेले, 'मानाचा वाद पुरे. पानाला छायाचित्र नाही, ते स्वतः काढून दिलं तरी चालेल.'

"फोटोला छापील पुरावा लागत नाय!" जितेश उडालाच. फोटोत आपलं शेत आलं की झालं. सुनीललाही तेच सुचलं. जितेश मडकं भरायला बसला आणि थांबला. भांबुर्डा होता सुनीलच्या बांधावर. सुनील पाल्याचा भारा घेऊन बसलेला, पण त्यानं यंदा वाल पेरलाच नव्हता.

"भाऊजी, पाला घेऊन या इकडं," छायानं हाक मारली. "मधल्या बांधावर लावू. नायतर दोघंबी रिकाम्या मडक्याचा फोटो टाका."

छायाच्या मोबाइलमध्ये मी उघडंच होतं, म्हणून सगळं ऐकलं. मधल्या बांधावर मडकं लागलं, पेंढा पेटून विझला. आजीनं तापल्या मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्रर्र झालं. "झाली गं पोपटी!"

शेंगा सोलता सोलता जितेश म्हणाला, "आजी, आता खरं सांग. मान कोनाचा?"

"तुझाच रं."

सुनीलची शेंग हातातच राहिली. "आन् मला काय सांगितलंस?"

"तुलाबी तुझाच! तू पेरू आनलंस, यानं बर्फी आनली. खाऊन कोनाला नाय म्हनू?"

प्रचालक आजीला संदर्भ का मानत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. भाऊ मात्र ठसका लागेस्तोवर हसले.

कुलूप काढून प्रचालकांनी छायानं काढलेला फोटो लावलाय. त्यात कुणाचंच शेत दिसत नाही. दोन्ही मुठींत शेंगा घेतलेली आजी दिसते, आणि तिचे दोन दात. बाबांनो, मला वाचा, सुधारा, पण माझ्यापायी जाळ अडवून धरू नका. या दोन घरांना एका मडक्याची पोपटी लाभली, तशी तुमच्याही घरांना लाभो.